सौरऊर्जा हवीच, पण कुठे? जायकवाडीच्या निमित्ताने

(छत्रपती संभाजीनगर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला बोलावताना संयोजकांनी सांगितलं की ‘पर्यावरणावर बोला’. पर्यावरण हा शब्द इतका मोठा आहे की त्यावर तासभर बोलूनही काहीच न बोलता घरी जाता येतं. म्हणून मी विषय लहान करून घेतलाय. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. गेली काही वर्षं नकाशांचं सॉफ्टवेअर लिहितो. सौर प्रकल्पासाठी जागा शोधायची असेल तर उपग्रहाची चित्रं, जमिनीचा उतार, रस्ते, सबस्टेशन, वीजवाहिन्या असे थर एकावर एक ठेवायचे आणि कंपनीला सांगायचं की इथे इथे प्रकल्प होऊ शकतो. त्यामुळे मी आज ज्यावर बोलणार आहे तो प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे : सौरऊर्जा पाहिजे, पवनऊर्जा पाहिजे, पण ती ठेवायची कुठे? आणि ज्या जागेवर ठेवणार तिथे आधीपासून कोण राहतं?

सुरुवातीलाच माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. मी सौरऊर्जेच्या बाजूचा आहे. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाने तिच्या विरोधात असावं असं एकही कारण मला दिसत नाही. कोळशाच्या वीजकेंद्राला पाणी लागतं, आणि भरपूर लागतं. आपल्या परळीचं औष्णिक वीजकेंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, ते तुमच्यातल्या बहुतेकांना आठवत असेल. ज्या भागात माणसांना पाणी रेल्वेने येतं, तिथे वाफ करून वीज बनवणं किती दिवस परवडणार? सौर पॅनलला पाणी लागतं ते फक्त धूळ धुवायला.

दुसरं कारण शेतीचं. ज्यांची घरं गावाकडे आहेत त्यांना ठाऊक आहे, शेतीला वीज रात्री मिळते. हिवाळ्यात रात्री दोन वाजता मोटर चालू करायला जायचं, पायाखाली साप, उसात बिबट्या. सूर्य दिवसा असतो, म्हणून सौर वीज दिवसा मिळते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला राज्यातला पहिला प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात सुरू झाला, २०२४ मध्ये, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला. तीन मेगावॉटचा लहानसा प्रकल्प, पण त्यातून १,७५३ शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळायला लागली. ज्याच्या घरातलं कोणी रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला जातं, त्याला या आकड्याचा अर्थ मी समजावून सांगायची गरज नाही.

आणि तसं पाहिलं तर आपल्या शहराला ही ऊर्जा नवीन नाही. पाणचक्की तुम्ही सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिली आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणायचं, उंचावरून पाडायचं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवायचं. हा अपारंपरिक ऊर्जेचा प्रकल्पच की! त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने नहरीचं जाळं टाकलं. पर्यटकांना आपण पाणचक्कीचं दगडी जातं दाखवतो. मला मात्र त्या माणसांनी जागा कशी निवडली असेल याचं जास्त कौतुक वाटतं. उतार कुठे आहे, झरा कुठे आहे, पाणी वाटेत कुठे मुरेल, हे बघितल्याशिवाय तो नळ टाकताच आला नसता.

आता जायकवाडीकडे येतो. आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण, आणि पैठणला नाथसागर. आपल्या नळाला जेव्हा कधी पाणी येतं, ते तिथून येतं. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये उद्घाटन केलं. धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब. पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार करा : सरासरी खोली आठ मीटरच्या थोडी वर. तीही धरण काठोकाठ भरलेलं असताना. म्हणजे हे खोल धरण नाहीच, ही पसरट परात आहे.

या परातीचा तोटा असा की उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन उडतं. आणि फायदा असा की काठाकाठाने मैलोन्‌मैल उथळ पाणी आणि चिखल तयार होतो. पाणपक्ष्यांना हेच लागतं. म्हणून १९८६ मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य घोषित झालं. तिथे दोनशेच्या आसपास जातींचे पक्षी दिसतात आणि त्यातले बरेच हिवाळ्याचे पाहुणे असतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, रोहित म्हणजे फ्लेमिंगो, करकोचे, तलवार बदक, थापट्या बदक. आणि चक्रवाक. चक्रवाक म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, म्हणून दुसरं नाव सांगतो : सुर्खाब. घरात अम्मी कोणावर वैतागली की म्हणते ना, ‘उसको क्या सुर्खाब के पर लगे हैं?’ तो सुर्खाब दर हिवाळ्यात पैठणला येतो. आपण म्हण रोज वापरतो आणि पक्षी मात्र कधी बघायला जात नाही.

याच नाथसागरावर तरंगता सौर प्रकल्प करायचं ठरलं. टीएचडीसी या केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमाने निविदा काढली. कहार समाज पंचायत समितीने त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पीठाकडे दाद मागितली. कहार म्हणजे परंपरेने पाण्यावर जगणारा समाज. धरणात मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न आणि अभयारण्याचा प्रश्न, दोन्ही त्यात होते. सप्टेंबर २०२४ मध्ये लवादाने अर्ज फेटाळला. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची २०१७ ची अधिसूचना आहे, तिच्यात अपारंपरिक ऊर्जेला उत्तेजन द्यावं असं लिहिलेलं आहे, हा मुद्दा निर्णायक ठरला. पुढे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली.

न्यायालयाचा निकाल आहे, तो मी मानतो. पण इंजिनिअर म्हणून मला त्या अधिसूचनेतलं वाक्य अपुरं वाटतं. ‘अपारंपरिक ऊर्जेला उत्तेजन’ हे शब्द अशा बऱ्याच अधिसूचनांत असतात. गावातल्या घरावर सौर पॅनल बसवा, गोबरगॅस वापरा, सरपणासाठी झाडं तोडू नका, असा त्यांचा अर्थ साधा वाचक काढेल. त्याच शब्दांत शेकडो मेगावॉटचा प्रकल्प बसतो का? कायद्याच्या भाषेत बसला. पक्ष्याच्या दृष्टीने घराच्या छपरावरचे आठ पॅनल आणि पाण्यावरचे लाखो पॅनल यांच्यात फरक आहे, आणि तो नियोजनात कुठेतरी दिसायला हवा.

आता जरा हिशेब करू, कारण अशा वादात दोन्ही बाजू आकड्यांशिवाय ओरडतात. याच गोदावरी खोऱ्यात, तेलंगणात रामगुंडमला एनटीपीसीचा १०० मेगावॉटचा तरंगता प्रकल्प २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्याने तिथल्या जलाशयाची सुमारे ५०० एकर जागा घेतली. याच मापाने १,००० मेगावॉट धरले तर ५,००० एकर, म्हणजे २० चौरस किलोमीटर. नाथसागराच्या साडेतीनशेपैकी सहा टक्क्यांहून कमी. प्रकल्पवाले म्हणतील, बघा, चौऱ्याण्णव टक्के पाणी मोकळंच आहे, पक्ष्यांनी जावं तिकडे!

पण हा भागाकार भरलेल्या धरणाचा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा शून्यावर गेला होता. तेव्हा पाण्याचा पसारा साडेतीनशे राहत नाही, आक्रसत जातो. पॅनल मात्र तेवढेच राहतात. त्यांना तरंगायला किमान खोली लागते, म्हणून ते खोल भागात, साधारण भिंतीच्या बाजूला ठेवावे लागतात. आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उरतं तेही नेमकं त्याच भागात. तेव्हा मासे तिथे, मासेमाराची होडी तिथे, डुबी मारून मासे धरणारे पाणकावळे तिथे. जूनमधली टक्केवारी ऑक्टोबरच्या टक्केवारीच्या कितीतरी पट निघेल. नियोजन करायचं तर बाराही महिन्यांचे नकाशे समोर हवेत, एका महिन्याचा नकाशा दाखवून काम भागत नाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. उथळ काठाचा चिखल, जिथे बहुतेक पाहुणे पक्षी चरतात, तिथे तरंगते पॅनल ठेवताच येत नाहीत. पाणी उतरलं की ते चिखलात बसतील. म्हणजे पट्टकदंब आणि करकोचे यांच्या चरण्याच्या जागेवर थेट पॅनल येणार नाहीत. पॅनलच्या सावलीने त्याखालचं बाष्पीभवन कमी होतं, आपल्यासारख्या भागात हा लहान फायदा नाही. पाण्याच्या गारव्याने पॅनलची कार्यक्षमताही थोडी वाढते. आणि कुणाच्या शेताची जमीन जात नाही. धरणात ज्यांची गावं बुडाली, त्यांच्या मुलांना पुन्हा जमीन द्यायला सांगण्यापेक्षा पाणी वापरणं बरं, हा युक्तिवाद मला पटतो.

मग अडचण कुठे आहे? मला विचाराल तर पॅनलपेक्षा मला तारांची जास्त काळजी वाटते. इतकी वीज पाण्यावरून सबस्टेशनपर्यंत न्यायची तर उच्च दाबाची वाहिनी लागते, टॉवर लागतात. पक्षी दिवसा पाण्यावर आणि पहाटे-संध्याकाळी शेतांत, असा रोजचा प्रवास करतात. करकोच्यासारखा जड पक्षी उडताना पटकन वळू शकत नाही, आणि अंधुक उजेडात बारीक तार त्याला दिसत नाही.

हे मी कल्पनेने सांगत नाही. राजस्थानात माळढोकाचं जे झालं ते समोर आहे. माळढोकाची नजर बाजूंना असते, समोरचं त्याला कमी दिसतं. थरच्या वाळवंटात सौर आणि पवन प्रकल्प आले, पाठोपाठ तारांचं जाळं आलं. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी अंदाज काढला, की तारांवर आदळून वर्षाला ८४ हजारांच्या आसपास पक्षी मरतात, सगळ्या जातींचे मिळून. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तोच आदेश शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण इतक्या मोठ्या प्रदेशात सगळ्या वाहिन्या पुरणं व्यवहार्य नाही असं सरकारने सांगितलं. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. प्रकल्प उभे राहण्याआधी हा नकाशा कोणी काढला असता तर न्यायालयापर्यंत जावंच लागलं नसतं. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. तिथे आज माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते, यावरून काय ते समजा.

पवनचक्क्यांचंही एक उदाहरण सांगतो, कारण त्यावर महाराष्ट्रातच फार सुंदर अभ्यास झालाय. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे. वीसेक वर्षांपासून तिथे पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकेर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या तिघांनी तिथे अभ्यास केला, तो २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात आला. पवनचक्कीच्या पात्यांवर पक्षी आदळतात हे आधी माहीत होतं. यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. पक्षी कमी झाले तर मग काय होतं?

पठाराच्या ज्या भागात पवनचक्क्या होत्या, तिथे शिकारी पक्षी, म्हणजे शिक्रा, गरुड, ससाणे या जातकुळीचे, जवळपास चौपट कमी होते. हे पक्षी सरडे खातात. त्या पठारावर एक देखणा सरडा आहे, नराच्या गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाचं नावच मराठीवरून ‘सराडा’ ठेवलंय. शिकारी कमी झाल्यावर हे सरडे संख्येने वाढले. त्यांच्या रक्तातलं तणावाचं संप्रेरक कमी आढळलं. माणूस अगदी जवळ गेला तरी ते पळेनात. वरवर पाहता सरड्यांची चंगळ! पण संख्या वाढल्यामुळे अन्नासाठी स्पर्धा वाढली, अंगाने ते बारीक निघाले, आणि नरांच्या गळ्याचा रंगही फिका पडला. वर आकाशात पातं फिरतंय आणि त्याचा परिणाम खाली दगडावर बसलेल्या सरड्याच्या गळ्याच्या रंगावर होतोय. अभ्यास एका पठाराचा आहे, त्यावरून जगभरच्या पवनचक्क्यांचा निवाडा करू नये. पण मला तो वाचल्यावर एक गोष्ट कायमची कळली. माझ्या नकाशात जो थर ‘मोकळी जागा’ म्हणून पांढरा दिसतो, तो पांढरा नसतो.

इथे जमिनीच्या नावांकडे यायला हवं. सातबारा उघडा. त्यात ‘पोटखराबा’ असतो, गावाच्या नकाशात ‘पडीक’ असतं, ‘गायरान’ असतं. सरकारी नकाशांमध्ये देशभरच्या पडीक जमिनींचा मोठा संग्रह आहे आणि त्यात माळरानं, झुडपी रानं सगळी ‘पडीक’ या एका शब्दाखाली येतात. हा शब्द महसूल खात्याचा. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती वाया गेलेली, हा इंग्रजांच्या काळापासूनचा हिशेब. माळरानावर लांडगा राहतो, काळवीट राहतं, तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी राहतो, पण ते सारा भरत नाहीत. आता सौर कंपनी जागा शोधताना संगणकाला सांगते, ‘शेती वगळ, जंगल वगळ, वस्ती वगळ’. मग उरतं काय? माळरान. संगणक कुणाचा शत्रू नाही, त्याला जो नकाशा दिला तो तो खरा मानतो.

आणि गायरानावर फक्त लांडगे नसतात. धनगरांची मेंढरं असतात, भूमिहीन कुटुंबांच्या चार-दोन शेळ्या असतात. त्यात आपल्या समाजातली कुटुंबंही कमी नाहीत. बकरी ईदच्या आधी आपण बाजारात जाऊन बोकड बघतो, भाव करतो. तो बोकड कोणाच्या माळावर चरून मोठा झाला, हा प्रश्न कधी मनात येत नाही. त्या गायरानाला कुंपण पडलं, तर शेळ्या पाळणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न चाऱ्याचा असतो. सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं, दरवर्षी त्यात वाढ होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने वाईट सौदा नाही. पण गायरान सरकारचं, मग भाडं शेळीवालीला मिळत नाही. ग्रामपंचायतीला काही रक्कम मिळते, तीतून तिच्या चाऱ्याची सोय झाली का, हे ग्रामसभेत विचारणारा कोणीतरी हवा. बीड, धाराशिवकडे तर पवनचक्की म्हटलं की लोकांना आधी खंडणीच्या बातम्याच आठवतात. तिथे पक्ष्यांचा विषय काढला तर हसतील. पण जमीन, पैसा आणि दांडगाई जिथे एकत्र येतात, तिथे सगळ्यात आधी आवाज जातो तो शेळीवालीचा.

याला पर्याय आहे का? आहे, आणि तो परदेशातून आणायला नको. २०२० मध्ये किसेकर आणि सहकाऱ्यांचा भारतावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी जंगल, चांगली शेती, वन्यजीवांचे अधिवास वगळले आणि ज्या जमिनीचं आधीच रूपांतर झालंय किंवा जी बिघडली आहे, तेवढीच धरली. तरीसुद्धा देशाच्या २०२२ च्या १७५ गिगावॉटच्या उद्दिष्टाच्या दहापटीहून जास्त क्षमता तिथे बसते, असा हिशेब निघाला. याच धर्तीवर ‘साईटराईट’ नावाचं नकाशा-साधन तयार झालं, आणि ते सुरुवातीला ज्या राज्यांसाठी बनलं त्यांत महाराष्ट्र आहे. म्हणजे ‘पक्षी की वीज’ ही निवड आपल्यावर कोणी लादलेली नाही. जागा आहे. शोधायचे कष्ट घ्यावे लागतात, आणि कधी कधी सबस्टेशन थोडं लांब पडतं, खर्च थोडा वाढतो.

आपल्याच जिल्ह्यात बघा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, बिडकीन. कारखान्यांची पत्र्याची छपरं मोजा. तिथे ना पट्टकदंब, ना शेळी. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. गुजरातमध्ये २०१२ मध्ये नर्मदा कालव्यावर पॅनल टाकून ७५० मीटरमध्ये एक मेगावॉट बसवला. त्याच मापाने आपल्या ३४० किलोमीटरवर साडेचारशे मेगावॉट होतात. कागदावर. प्रत्यक्षात कालव्यात गाळ काढायला यंत्र उतरावं लागतं, भराव फुटतात, रुंदी बदलते, आणि कालव्यावरचा सांगाडा जमिनीवरच्यापेक्षा महाग पडतो. निम्मेच झाले म्हणा. तरी ते सव्वादोनशे मेगावॉट झाले, आणि खालच्या पाण्याची वाफही कमी होईल.

घरांचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ पासून प्रधानमंत्री सूर्यघर योजना आहे, तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान. आपल्या वस्त्यांमध्ये अडचण वेगळी असते : घर तिघा भावांच्या नावावर, छत चौथ्याचं, कागद आजोबांच्या काळातले. ती सोडवणं हे कार्यकर्त्यांचं काम आहे, इंजिनिअरचं नाही. पण मशिदी, मदरसे, शाळा, शादीखाने यांची छतं तर मोठी आणि सामाईक आहेत. दुपारी जोहरला पंखे चालतात, तेव्हाच वर सूर्य असतो. याहून सोपा प्रकल्प मला तरी माहीत नाही.

तरी मोठे प्रकल्प लागतीलच. फक्त छपरांवर राज्य चालणार नाही, हे कबूल करायला हवं. मग क्रम असा असावा : ज्या जागा टाळता येतात त्या आधी टाळा, जिथे टाळता येत नाही तिथे त्रास कमी करा, आणि भरपाईची भाषा सगळ्यात शेवटी. आपल्याकडे होतं उलटं. आधी जागा ठरते आणि मग अमुक हजार झाडं लावू असं सांगतात. माळरानावर झाडं लावणं हे माळरानाचं नुकसानच आहे, हा विनोद कोणाच्या लक्षात येत नाही. त्रास कमी करायचे उपाय साधे असतात. तारांवर चमकणाऱ्या चकत्या लावणं, अभयारण्याच्या बाजूने वाहिनी न नेणं. नॉर्वेत स्मोला बेटावर पवनचक्कीच्या तीनपैकी एका पात्याला काळा रंग दिला, तर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले. प्रयोग फक्त चार पवनचक्क्यांवर झाला, म्हणून जपूनच बोलायचं, पण रंगाच्या डब्याला पैसे किती लागतात?

मी जायकवाडीचा नियोजनकार असतो तर सगळं एकदम केलं नसतं. आधी एक वर्ष बाराही महिने पक्ष्यांची मोजणी, मासेमारांना बरोबर घेऊन त्यांच्या जाळ्यांच्या आणि माशांच्या विणीच्या जागांचा नकाशा, पाण्याच्या प्रत्येक पातळीला किती पसारा उरतो त्याचा नकाशा. मग भिंतीजवळच्या खोल भागात पन्नास मेगावॉट, वाहिनी धरणाच्या भिंतीच्या कडेने. दोन हिवाळे बघायचं. पक्षी, मासे, होड्या यांना फरक पडला नाही तर पुढचा टप्पा. कंपनी म्हणेल, इतका वेळ नाही. पण २०१७ ची अधिसूचना आणि २०२४ चा निकाल यांच्यात सात वर्षं गेली, तेवढ्यात हे सगळं दोनदा झालं असतं.

अडचण कायद्यातही आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सौर आणि पवन प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचं मूल्यांकन सक्तीचं नाही. मूल्यांकन नाही म्हणून जनसुनावणीही नाही. कोळशाच्या केंद्राला आणि सौर प्रकल्पाला एकच नियम लावावा असं मी म्हणत नाही. पण शंभर-दोनशे मेगावॉटच्या वरच्या प्रकल्पाला निदान एक छोटी, वेळेत संपणारी तपासणी आणि गावासमोर एक बैठक असायला काय हरकत आहे?

सलीम अलींचं नाव घेतल्याशिवाय आपल्या शहरात हा विषय संपवता येत नाही. दिल्ली दरवाजाजवळच्या सरोवराला त्यांचं नाव आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांना ते फक्त सेल्फीचं ठिकाण म्हणून माहीत आहे. डॉ. सलीम अली १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात पक्ष्यांची पाहणी करत फिरले. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. हातात वही, दुर्बीण, आणि दिसेल ते लिहून ठेवायची शिस्त. कोणता पक्षी, कुठे, कोणत्या महिन्यात. पुढे केरळच्या सायलेंट व्हॅलीत जलविद्युत प्रकल्प यायचा होता. जलविद्युत म्हणजे नवीकरणीयच ऊर्जा, धूर नाही की कोळसा नाही. सलीम अली त्या प्रकल्पाच्या विरोधात उभे राहिले. ते वीजविरोधी नव्हते, ती जागा त्यासाठी नाही एवढंच त्यांचं म्हणणं होतं. प्रकल्प सोडून द्यावा लागला आणि १९८४ मध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

त्यांच्या शब्दाला वजन होतं ते पन्नास वर्षांच्या वह्यांमुळे. आपल्याकडे आज वह्यांपेक्षा सोपी साधनं आहेत. ई-बर्डवर कुठल्याही मोबाइलवरून नोंद टाकता येते, फुकट. इस्रोच्या भुवन पोर्टलवर उपग्रहाचे नकाशे आहेत. महाभूनकाशावर गट नंबर टाकला की गायरानाची हद्द दिसते. पैठणला हिवाळ्यात रविवारी सकाळी गेलात आणि चाळीस मिनिटं नोंदी केल्यात, तर पुढच्या वेळी वाद होईल तेव्हा ‘इथे पक्षी येतात हो’ असं म्हणावं लागणार नाही. तारखेसह, संख्येसह दाखवता येईल. मासेमारांच्या नोंदी तर कोणीच ठेवलेल्या नाहीत. कोणता मासा कोणत्या महिन्यात कुठे लागतो, हे त्यांच्या डोक्यात आहे. ते त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने, त्यांच्या नावाने लिहून ठेवायचं काम कोणत्याही बी.ए.च्या विद्यार्थ्याला जमेल. इंजिनिअर लागत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही काही जण पैठणला जाणार आहोत, सकाळी सहाला निघायचं. दोन दुर्बिणी आहेत, आणखी कोणाकडे असेल तर आणा. आणि ज्यांच्या गावात सौर किंवा पवन प्रकल्पाची चर्चा चालू आहे, त्यांनी गायरानाचा गट नंबर घेऊन चहाच्या सुट्टीत माझ्या लॅपटॉपजवळ या. थर एकावर एक ठेवून बघू, तिथे काय काय आहे ते.